दहा नंबरचा पाना

गुडघ्याखाली, पायाच्या पुढच्या आतल्या बाजूवरून एकदा बोट फिरवून बघा. कातडी जरा सरकते आणि लगेच हाड लागतं. मध्ये मांस नाहीच. मांडीचं हाड चहूबाजूंनी स्नायूंत बुडालेलं असतं. नडगीला ते सुख नाही. नडगी कशावर आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते याचमुळे, आणि मोटारसायकलवरून पडल्यावर कातडी फाडून बाहेर येतं तेही बहुतेक वेळा हेच हाड. स्नायू म्हणजे रक्तपुरवठा. रक्त कमी तिथे औषध पोचत नाही, पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि नवं हाड बनायला लागणारा मालही पोचत नाही. या प्रकरणातल्या आजाराचं, म्हणजे हाडाच्या जुन्या संसर्गाचं, अर्धं मूळ शरीराच्या या रचनेत आहे.

उरलेलं अर्धं रस्त्यावर आहे. विरार पूर्वेच्या चंदनसारवरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडची वाहतूक जाते. वसईच्या गाड्यांना एमएच ४८ ची पाटी देणारं परिवहन कार्यालयही चंदनसारचंच. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून रात्रपाळी संपवून निघालेले दुचाकीवाले, रेतीचे डंपर आणि गुजरातेतून रिकामे परतणारे ट्रेलर या पट्ट्यात एकमेकांना खेटून चालतात. पावसाळ्यात त्यात खड्ड्यांची भर. हाच महामार्ग पुढे चारोटीला सूर्या नदी ओलांडतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तो त्याच पुलावर. त्या अपघाताची देशभर चर्चा झाली. पाय मोडून जिवंत राहिलेल्यांची होत नाही.

अशा एकाला डोळ्यांपुढे आणा. वय तिशीच्या आत, घरात कमावता एकटाच. नडगी मोडून हाड बाहेर आलंय, जखमेत माती, डांबराची खडी, पँटच्या कापडाचे तुकडे. पहिल्या काही तासांत काय होतं यावर त्याचं पुढचं वर्ष ठरतं, आणि त्या तासांत लागतात त्या गोष्टी महाग नाहीत. एक म्हणजे प्रतिजैविकाचं इंजेक्शन, शक्यतो तासाभरात. दुसरं म्हणजे धुणं. मोठ्या जखमेला नऊ लिटर सलाइन वापरावं असा प्रघात आहे. त्यात साबण घालावा का, दाबाच्या यंत्राने फवारावं का, यावर सर्जनांत वर्षानुवर्षं वाद होता. शेवटी भारतासह पाच देशांतल्या जवळपास अडीच हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१५ साली निकाल आला. साबणाच्या गटात उलट जास्त जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि जोराच्या फवाऱ्याने काही जादा फायदा झाला नाही. उंचावर टांगलेली सलाइनची बाटली आणि साधी नळी पुरते. साधनं तुटपुंजी असलेल्या रुग्णालयाला एवढी आनंदाची बातमी विज्ञानाकडून क्वचित मिळते.

तिसरी गोष्ट मात्र अवघड, कारण ती न करण्याची आहे: जखम घाईने घट्ट शिवायची नाही. नातेवाईकांना टाके घातलेला पाय बघितला की हायसं वाटतं. आत मेलेला स्नायू आणि सुटी हाडं कोंडली गेलेली असतात. वर टाके, आत स्टीलची प्लेट आणि तिच्याभोवती कोंडलेली घाण. दहाव्या दिवशी टाक्यांतून पाणी येऊ लागतं, महिन्याने पू.

पेशी नसलेलं घर

जंतू हाडात शिरले की त्यांना तिथून हुसकणं इतकं कठीण का? बहुतेक वेळा हा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, आपल्याच नाकात आणि कातडीवर राहणारा. रक्तपुरवठा तुटलेला हाडाचा तुकडा मरतो, पण तो मांसासारखा विरघळत नाही. जागच्या जागी पडून राहतो. जंतू त्यावर चिकट थर पसरतात. हा थर म्हणजे बायोफिल्म. थराच्या आतले जंतू जवळजवळ वाढायचे थांबतात, आणि प्रतिजैविकं मारतात ती प्रामुख्याने वाढणाऱ्या जंतूंना. प्लेटच्या, स्क्रूच्या पृष्ठभागावरही हेच. म्हणून गोळ्यांनी पू कमी होतो, ताप जातो, जखम सुकते, आणि चार महिन्यांनी त्याच जागी पुन्हा तोंड फुटतं.

गावाकडे याला नासूर म्हणतात. तो घेऊन पाच-पाच, दहा-दहा वर्षं काढलेली माणसं पालघरच्या पाड्यांवर भेटतात आणि विरारच्या चाळींतही. वर्षातून दोन-तीनदा भोक उघडतं, कधी हाडाची कपची बाहेर पडते, मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या की मिटतं. माणूस कामाला जातो. त्याच्या लेखी हा आजार म्हणजे अधूनमधून उद्भवणारी कटकट. एक्स-रेत मात्र नडगीच्या मधोमध एक पांढराफटक तुकडा सुटा पडलेला दिसतो. मेलेलं हाड जिवंतापेक्षा पांढरं दिसतं, कारण शेजारचं जिवंत हाड चुना गमावत विरळ झालेलं असतं आणि मेलेल्याला ते जमत नाही.

प्रतिजैविकं येण्याच्या आधीच सर्जन एका गोष्टीशी येऊन ठेपले होते. अमेरिकेतले विल्यम बेअर यांनी पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. मांडीची हाडं मोडून बाहेर आलेली, जखमांत अळ्या वळवळत होत्या, आणि अळ्यांखाली स्वच्छ गुलाबी मांस. अळ्यांनी मेलेलं तेवढं खाल्लं होतं. पुढे बेअर यांनी बाल्टिमोरला हाडाच्या जुन्या संसर्गावर मुद्दाम वाढवलेल्या अळ्या वापरल्या. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जोसेप त्रुएटा यांनी तेच काम सुरीने केलं: मेलेलं सगळं कापायचं, जखम उघडी ठेवून जाळीच्या कापडाने भरायची, वरून प्लास्टर. त्यांच्या हजारावर रुग्णांत मृत्यू अगदी मोजके झाले. औषध नव्हतं, पण मेलेलं काढलं होतं. आज औषधं मुबलक आहेत आणि मेलेलं आत ठेवून ती देण्याचा मोह पडतो.

लाल ठिपके

तेव्हा पहिली शस्त्रक्रिया म्हणजे सफाई. सर्जन तिला डिब्राइडमेंट म्हणतात. नासूराच्या भोकापासून आत जायचं, चिवट पांढरे पापुद्रे काढायचे, प्लेट आणि स्क्रू बाहेर, आणि मग हाड. मेलेलं हाड पिवळट-पांढरं, कोरडं. छिन्नी मारली की ठणठणीत आवाज येतो. थोडं थोडं तासत जायचं. एका टप्प्यावर तासलेल्या पृष्ठभागावर रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटतात, पांढऱ्यावर लाल तिखट भुरभुरावं तसे. इथून जिवंत हाड सुरू झालं. पायाला रक्त थांबवणारा आवळपट्टा बांधून शस्त्रक्रिया केली असेल तर तो आधी सोडावा लागतो, नाहीतर जिवंत हाडही मेल्यासारखं दिसतं. या सगळ्याला छिन्नी, हातोडी, खरवडायचा चमचा (क्युरेट), सलाइन आणि नजर लागते. ठिपके दिसेपर्यंत न थांबणं हे यातलं सगळ्यांत अवघड कौशल्य, कारण प्रत्येक फटक्याबरोबर पुढची खाच वाढते. दोन सेंटिमीटर काढून थांबावंसं वाटतं. ठिपके दिसतात सहाव्या सेंटिमीटरला. माझ्या मते इथे हात आखडणारा सर्जन रुग्णाचा पाय वाचवत नाही, फक्त पुढची शस्त्रक्रिया दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलतो.

सफाईतच नमुने घ्यायचे. नासूराच्या तोंडावर कापूस फिरवून पाठवलेला पू बऱ्याचदा दिशाभूल करतो. तोंडावर राहणारे जंतू वेगळे, आत हाडात राहणारे वेगळे. हे १९७८ सालापासून छापील आहे, तरी आजही कित्येकांच्या फायलीत सापडतो तो फक्त तोंडावरचा रिपोर्ट. आत खोलवरचे, वेगवेगळ्या जागचे पाच तरी तुकडे हवेत, आणि जमल्यास आधी दोन आठवडे गोळ्या बंद. एक तुकडा क्षयासाठी जायलाच हवा, कारण आपल्याकडे हाडाचा क्षयही असाच नासूर घेऊन येतो. पालघर जिल्ह्यात आणखी एक चौकशी लागते. जव्हार, मोखाडा, डहाणूकडच्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आहे. सिकलसेलच्या मुलांमध्ये हाडाचा संसर्ग जास्त दिसतो, त्यात साल्मोनेलासारखे जंतूही निघतात, आणि अशा पायावर आवळपट्टा बांधताना जपावं लागतं. ताप, दुखणारी मांडी आणि "खेळताना मार लागला असेल" हे घरच्यांचं वाक्य एकत्र आलं की आधी रक्त तपासावं.

मणी

सफाई झाली की हाडात पोकळी राहते. पोकळीत रक्त साचतं, साचलेल्या रक्तात उरलेसुरले जंतू वाढतात. म्हणून ती मोकळी सोडायची नसते. जर्मनीत १९७० च्या सुमारास हँबर्गच्या बुखहोल्झ यांनी कृत्रिम सांध्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळून पाहिलं. त्याच देशातल्या क्लेम यांनी पुढे त्या सिमेंटचे मणी करून हाडाच्या पोकळीत भरले. तयार माळा महाग पडतात. आपल्याकडच्या छोट्या शस्त्रक्रियागृहांत त्या तिथल्या तिथे वळल्या जातात, आणि ते बघण्यासारखं असतं.

स्टीलच्या वाटीत सिमेंटची चाळीस ग्रॅमची पूड घ्यायची. तीत व्हँकोमायसिनच्या बाटल्या फोडून कोरडी पूड मिसळायची, साधारण दोन ते चार ग्रॅम. मग द्रव ओतायचा. उग्र वास खोलीभर पसरतो, मिश्रण पातळ, मग चिकट, मग हातमोज्याला न चिकटण्याइतकं मऊ होतं. वेळ तीन-चार मिनिटांचा. तेवढ्यात सिस्टर आणि असिस्टंट मिळून पिळलेल्या बारीक स्टीलच्या तारेवर बोटाच्या पेराहून लहान मणी वळतात. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून उष्णतेत टिकणारंच औषध चालतं. व्हँकोमायसिन, जेंटामायसिन टिकतात. जास्त पूड घातली तर सिमेंट कमकुवत होतं, पण मण्यांना वजन पेलायचं नसतं, त्यामुळे इथे त्याची फिकीर नाही. मणी मोजायचे आणि आकडा कागदावर लिहायचा, कारण काढताना तितकेच निघायला हवेत. मण्यांभोवती औषधाचं प्रमाण शिरेतून देऊन कधीच गाठता येणार नाही इतकं चढतं, आणि रक्तात मात्र जेमतेम पोचतं. मूत्रपिंड सुरक्षित राहतं.

पोकळी नळीसारख्या पोकळ हाडाच्या लांबीभर असेल तर आणखी एक साधी युक्ती आहे. छातीतलं पाणी काढायची जाड रबरी नळी घ्यायची, तीत औषधमिश्रित सिमेंट भरायचं, मधोमध स्टीलची बारीक सळई ढकलायची, आणि घट्ट झालं की नळी चिरून काढायची. हाडाच्या आत बसणारा, औषध सोडणारा आणि मोडलेलं हाड थोडंफार धरून ठेवणारा दांडा तयार. खर्च एका सिमेंटच्या पाकिटाचा.

सिमेंट परवडत नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिससुद्धा चालतं. हाडाच्या पोकळीत ते भरण्याचा प्रयोग बॉनमधल्या ड्रेसमन यांनी १८९२ सालीच नोंदवला आहे. ते आपोआप विरघळतं, त्यामुळे काढायला दुसरी शस्त्रक्रिया नको. काही दिवस त्यातून पांढरट पाणी झिरपतं आणि पू समजून घरचे घाबरतात, एवढं आधी सांगून ठेवावं.

वरचं पांघरूण

हाड उघडं राहिलं तर कितीही सफाई केली तरी वाया. नडगीवर मांस नाही म्हणून ते शेजारून आणावं लागतं. मोठ्या शहरात सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून पाठीचं किंवा मांडीचं मांस आणतात. तेवढी सोय नसेल तिथे पोटरीच कामाला येते. नडगीचा वरचा भाग उघडा असेल तर पोटरीच्या वरच्या स्नायूचं एक डोकं फिरवून पुढे आणायचं. मधला भाग असेल तर त्याखालचा सोलियस. घोट्याजवळ दोन्ही पोचत नाहीत. तिथे पोटरीच्या मागच्या कातडीचा पट्टा उलटा वळवून लावतात. हा पट्टा १९९२ साली मांडला तो फ्रान्सच्या आलँ मासक्ले यांनी. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. तीनही गोष्टी सूक्ष्मदर्शकाविना होतात, आणि त्या शिकलेला एक अस्थिरोगतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी असणं म्हणजे बरेच पाय वाचणं.

कुर्गानची रिंग

आता खाच. सहा सेंटिमीटर हाड नाही. कमरेच्या हाडातून खरवडून काढलेलं हाड मर्यादित, आणि एवढ्या लांबीच्या खाचेत ते अनेकदा विरघळून जातं. इथे सायबेरियातल्या एका डॉक्टरची गोष्ट येते.

गावरील इलिझारोव १९४४ साली कुर्गान प्रांतातल्या एका खेड्यात रुजू झाले. युद्धातून परतलेले, हाडं न जुळलेले आणि पू वाहणारे पाय घेऊन आलेले शेकडो लोक, औषधांचा तुटवडा, मॉस्को फार दूर. १९५१ साली त्यांनी पायाभोवती धातूच्या रिंगा, हाडातून आरपार ताणलेल्या बारीक तारा आणि रिंगा जोडणारे आट्यांचे दांडे असं साधन बनवलं. असं सांगतात की, हाडं जवळ आणायला दिलेला नट एका रुग्णाने उलटा फिरवला आणि ताणल्या गेलेल्या फटीत नवं हाड उगवलेलं दिसलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, तत्त्व खरं निघालं: जिवंत हाड हलक्या हाताने कापून रोज सुमारे एक मिलिमीटर ताणलं तर मधल्या जागेत नवं हाड तयार होतं, आणि त्याच्याबरोबर रक्तवाहिन्या, नसा आणि कातडीसुद्धा.

मॉस्कोच्या मोठ्या लोकांनी त्यांना बरीच वर्षं गावठी समजून हसण्यावारी नेलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला उंच उडीचा सुवर्णविजेता वालेरी ब्रुमेल १९६५ साली मोटारसायकल अपघातात पाय मोडून बसला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर १९६८ साली तो कुर्गानला गेला आणि बरा झाला, तेव्हा सोव्हिएत रशियात इलिझारोव यांचं नाव झालं. पश्चिमेला कळायला आणखी बारा वर्षं लागली. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० साली न जुळलेला पाय घेऊन कुर्गानला गेला आणि सरळ पायाने परतला. पुढच्याच वर्षी इलिझारोव यांना इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं.

भारतात हे तंत्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, आणि महाराष्ट्रात त्याने मुंबईबाहेर मूळ धरलं हे मला महत्त्वाचं वाटतं. मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी ते वापरलं, त्यावर लिहिलं आणि शिकवलं. अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांनी तर संसर्ग झालेल्या, न जुळलेल्या नडगीवर या पद्धतीचं विशेष काम केलं. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी हातासाठी आणि बाळांच्या वाकड्या पावलांसाठी बारीक तारा आणि सळयांचं स्वस्त देशी साधन बनवलं. ते जेस या नावाने देशभर चालतं. रिंगा आता आपल्याकडेच स्टीलच्या बनतात. एका रुग्णाची सुटली की धुऊन, ऑटोक्लेव्ह करून दुसऱ्याला लागते. तारा तेवढ्या नव्या. तुटवड्यात जन्मलेलं साधन गरीब रुग्णालयात फिट बसावं यात नवल नाही.

सहा सेंटिमीटरच्या खाचेचं काम असं चालतं. वर गुडघ्याजवळ, निरोगी जागी हाड कापायचं, आतल्या मज्जेला आणि वरच्या पातळ आवरणाला शक्यतो धक्का न लावता. सात दिवस काही करायचं नाही. आठव्या दिवसापासून मधला तुकडा खाली सरकवायचा. दांड्याच्या आट्या एक मिलिमीटरच्या. नट एक पूर्ण फेरा फिरला की हाड एक मिलिमीटर सरकतं. पण ते एकदम नाही, पाव-पाव फेरा दिवसातून चार वेळा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, झोपताना. नटला लागतो दहा नंबरचा पाना, म्हणजे मोटारसायकलच्या सीटखालच्या हत्यारांत असतो तोच. ज्या गाडीवरून पडला तिचाच पाना रुग्ण उशाशी घेऊन बसतो. त्याची बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार-चार टिंबं काढते, कारण विसरलेला फेरा दुसऱ्या दिवशी दुप्पट फिरवून भरून काढता येत नाही. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, आळस केला तर कापलेलं हाड मध्येच जुळून बसतं.

साठ दिवसांनी तुकडा खालच्या टोकाला टेकतो. रुग्णाला वाटतं संपलं. खरं काम आता सुरू होतं: मागे ताणलेलं नवं हाड कडक व्हायला हवं आणि टेकलेली जागा जुळायला हवी. टेकल्या जागी मांस अडकलेलं असतं, ते काढून कमरेचं थोडं हाड भरावं लागतं. एका सेंटिमीटरमागे साधारण दीड महिना रिंग, हा ढोबळ हिशोब. सहाला नऊ महिने.

या नऊ महिन्यांत माणूस अंथरुणाला खिळलेला नसतो. रिंग घालून पायावर भार देता येतो, द्यायलाच हवा. प्लास्टरपेक्षा हा तिचा मोठा गुण. पण तारा जिथून कातडीत शिरतात तिथे रोज सफाई लागते, उकळून गार केलेलं पाणी आणि जाळीचं कापड. पँटची एक शिवण उसवून तिला नाड्या लावाव्या लागतात. पाऊल खाली लोंबकळून टाच आखडते, म्हणून पट्टा बांधून ते वर ओढून ठेवायचं. भारतीय पद्धतीचा संडास जमत नाही. चाळीत दुसरा नसेल तर खुर्चीला भोक पाडायचं. दर पंधरा दिवसांनी तपासणी. वसई-विरारमध्ये महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, तुळिंजचं आहे, पण अशा कामासाठी बहुतेकांना मुंबईच्या कूपर, केईएम किंवा सायनला जावं लागतं. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. दिव्यांगांच्या डब्यात रिंग घातलेला पाय घेऊन चढणं आणि दादरला उतरणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा, आणि कुठल्याच पाठ्यपुस्तकात तो नाही.

तंबाखूबद्दल एक वाक्य. नवं हाड बनताना ती आडवी येते, चुना लावून असो की मशेरी म्हणून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. रुग्णालयाबाहेरच्या टपरीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

दोन टप्प्यांची वाट

रिंगेला पर्याय आहे, आणि तो त्याच मासक्ले यांचा. त्यांनी १९८६ पासून वापरलेली पद्धत दोन टप्प्यांची. सफाईनंतर खाच सिमेंटच्या गोळ्याने भरून टाकायची. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या गोळ्याभोवती एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली पिशवी तयार करतं. मग पिशवी चिरून गोळा काढायचा आणि तीत कमरेचं हाड बारीक करून भरायचं. पिशवी ते हाड विरघळू देत नाही, उलट वाढीला मदत करते. रोज पाना फिरवणं नाही, अंगाबाहेर रिंग नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. व्यवहारात पहिल्या टप्प्यानंतर नासूर सुकतो, दुखणं थांबतं, भातलावणी किंवा गाळ्यातलं काम बोलावतं, आणि रुग्ण येत नाही. सिमेंट तसंच पायात राहतं. दुसरी अडचण लांबीची: मोठी खाच भरायला लागेल एवढं हाड कमरेत असतंच असं नाही. म्हणून माझ्या मते निवड एक्स-रेवर कमी आणि पत्त्यावर जास्त ठरावी. रोज चार वेळा न चुकता पाना फिरवणारं घर असेल आणि पंधरवड्याला येणं जमत असेल तर रिंग. खाच लहान असेल आणि आठ आठवड्यांनी परत येण्याची खात्री असेल तर सिमेंट.

लहान मुलांसाठी तिसरी, सगळ्यांत जुनी वाट आहे. नडगीशेजारची बारीक बहिणीसारखी हाडी, फिब्युला, कापून नडगीच्या जागी सरकवायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटिंग्टन यांनी १९०५ साली ते नोंदवलं. मूल चालू लागलं की ती हाडी भाराने जाड होत जाते. ना रिंग, ना सिमेंट.

औषधांचा खर्चही वाटतो तितका नाही. सहा आठवडे शिरेतूनच इंजेक्शन हवं ही समजूत ब्रिटनमधल्या १,०५४ रुग्णांच्या चाचणीने २०१९ साली मोडली. योग्य निवडलेल्या गोळ्या तेवढ्याच चालल्या. फक्त रिफॅम्पिसिन हे औषध क्षय नाही याची खात्री केल्याशिवाय आणि एकट्याने देऊ नये.

आणि कधी कधी पाय कापणं हाच बरा उपचार असतो. अमेरिकेतल्या आठ केंद्रांत झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनी वाचवलेल्या आणि कापलेल्या पायांच्या रुग्णांची परिस्थिती जवळपास सारखीच निघाली. आपल्याकडे चिखलात उतरणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू नाही. तरी तळपायाची संवेदना गेलेली, तीन शस्त्रक्रिया फसलेल्या, घर कर्जात बुडालेल्या माणसापुढे हा पर्याय पहिल्याच भेटीत ठेवायला हवा. चौथ्या वर्षी नाही.

शस्त्रक्रियेच्या पैशाची वाट बरीच मोकळी झाली आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना आहे. तिची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली. नऊ महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचा मात्र तीत हिशोब नाही, आणि रिंग अर्धवट काढून घेणारे रुग्ण मजुरीपायीच काढून घेतात. इथे कामाला येते कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. साध्या आजारपणात ती वेतनाच्या सत्तर टक्के देते, पण वर्षाला ९१ दिवसच. ठरावीक दीर्घ आजारांसाठी मात्र ऐंशी टक्के, दोन वर्षांपर्यंत, आणि त्या यादीत न जुळलेलं हाड आणि हाडाच्या जुनाट संसर्गासह उघडी मोड हे दोन्ही आहेत. अट दोन वर्षं सलग नोकरीची. कामावर जाता-येता झालेला अपघात २०१० च्या दुरुस्तीनंतर कामाशी संबंध दाखवता आला तर कामावरचाच धरतात. त्यात नव्वद टक्के. यासाठी नाव गाळ्याच्या हजेरीपटावर हवं आणि पगारातून वर्गणी कापलेली हवी. ठेकेदाराच्या वहीत टोपणनावाने असलेल्याला यातलं काही मिळत नाही. म्हणून केसपेपरवर मोडीचा प्रकार लिहायच्या आधी डॉक्टरने विचारावं की ईएसआय कापतात का, कधीपासून, आणि कार्ड कुठे आहे. नऊ महिने रिंग बाळगणं त्याला जमेल का, हे त्यावरून बरंचसं कळतं.